दिवस जाण्याआधी आईनं काय खाल्लं, हे बाळाच्या जनुकांना कसं कळतं? वांद्रे ते अंधेरीच्या वस्त्यांमधल्या एका प्रयोगाची गोष्ट

२००६ साली वांद्रे, खार, सांताक्रूझ आणि अंधेरी परिसरातल्या वस्त्यांमध्ये एक प्रयोग सुरू झाला. लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या, पण अजून दिवस न गेलेल्या बायकांना रोज एक ताजा खाऊ मिळायचा. घरचं जेवण नेहमीसारखं, हा खाऊ त्यावर जास्तीचा.

निम्म्या बायकांच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध असायचं. उरलेल्या निम्म्यांच्या खाऊत बटाटा, कांदा अशा, जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी असलेल्या गोष्टी. कुणाला कुठला खाऊ मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं.

थोड्याथोडक्या नाही, तब्बल ६,५१३ बायका यात होत्या. प्रयोगाचं नाव 'सरस'. वांद्र्याच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेचे डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी इतर सहकाऱ्यांसोबत तो उभा केला. २०१२ पर्यंत तो चालला.

आता तुम्ही म्हणाल, गरोदर बाईला चांगलंचुंगलं खायला घाला, हे तर आपली आजीही सांगते. मग दिवस जायच्या तीन महिने आधीपासून खाऊ कशाला?

या प्रश्नाचं उत्तर पोटात नाही, पेशीच्या आत आहे. आणि ते समजलं की 'जनुकंच तशी, काय करणार' हे वाक्य तुम्ही पूर्वीइतक्या सहज म्हणणार नाही.

वही एकच, पण प्रत्येक पेशी वेगळं पान वाचते

तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए तोच असतो. साधारण २० हजार जनुकं, म्हणजे प्रथिनं बनवायच्या २० हजार कृती. तरी डोळा पित्त बनवत नाही आणि यकृताला दिसत नाही. का?

घरातली पाककृतींची जुनी वही आठवा. वही एकच असते. पण काही पानांवर खूण असते, काही पानं वापरून मऊ झालेली असतात, आणि काही पानं एकमेकांना अशी चिकटलेली असतात की वर्षानुवर्षं कुणी उघडलेलीच नसतात. पेशी असंच करते. कृतीतलं एक अक्षरही न बदलता ती काही पानांवर 'हे वाच' आणि काही पानांवर 'हे बंद ठेव' अशा खुणा करते. या खुणांच्या अभ्यासाला म्हणतात एपिजेनेटिक्स.

यातल्या दोन खुणा महत्त्वाच्या.

पहिली, मिथाइल. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढासा रासायनिक ठिपका. जनुकाच्या सुरुवातीला असे ठिपके दाट बसले की ते जनुक बहुतेक वेळा बंद राहतं.

दुसरी, अ‍ॅसिटिल. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळजवळ दोन मीटर भरेल. तो मावावा म्हणून हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळावर अ‍ॅसिटिलची खूण लागली की गुंडाळी सैल होते आणि तिथली जनुकं वाचता येतात.

आता मुद्द्याची गोष्ट. ही मिथाइल आणि अ‍ॅसिटिलची शाई येते कुठून? ती येते आपण खाल्लेल्या अन्नावर पेशीत ज्या प्रक्रिया होतात, त्यांतून. म्हणजेच चयापचयातून.

मिथाइलचे डबे

हे समजायला मुंबईकराला डबेवाल्यांपेक्षा चांगलं उदाहरण नाही.

पेशीत 'सॅम' नावाचा एक रेणू असतो. तो म्हणजे मिथाइल भरलेला डबा. हा डबा डीएनएपाशी पोहोचतो, मिथाइल उतरवतो आणि रिकामा होतो. रिकाम्या डब्याचं नाव होमोसिस्टीन. तो परत पाठवून पुन्हा भरायचा, की पुढची फेरी सुरू.

डबा भरायला मिथाइल घेऊन येतं फोलेट. हे 'ब' गटातलं जीवनसत्त्व पालेभाज्यांत आणि डाळी-कडधान्यांत भरपूर असतं. पण फोलेटच्या हातातून मिथाइल घेऊन रिकाम्या डब्यात ठेवायला एक एन्झाइम लागतं, आणि ते एन्झाइम बी-१२ शिवाय चालत नाही.

म्हणजे बी-१२ नसेल तर काय होतं? फोलेट भरल्या हातानं रांगेत उभं राहतं. स्टेशनवर रिकामे डबे साचत जातात. म्हणूनच बी-१२ कमी असलेल्या माणसाच्या रक्तात अनेकदा होमोसिस्टीन वाढलेलं दिसतं.

बी-१२ मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. भाजी, फळ, धान्य यांत ते जवळपास नसतंच. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात रोज मासळी खाणाऱ्या घरात त्याची चणचण सहसा भासत नाही. पण घाटकोपर-मुलुंडच्या शुद्ध शाकाहारी घरात ते जवळजवळ फक्त दूध-दह्यातून येतं. आणि ज्या घरात दूध म्हणजे चहात पडेल तेवढंच, तिथे ते फारसं येतच नाही.

अन्नातून शाई येते आणि ती खरंच काम करते, हे २००३ मध्ये अमेरिकेत उंदरांवर स्पष्ट दिसलं. रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी गाभण उंदरिणींना फोलिक अ‍ॅसिड, बी-१२, कोलीन आणि बीटेन जास्त दिलं. ज्यांची पिल्लं एरवी बऱ्याचदा पिवळी निघायची, त्यांची जास्त पिल्लं तपकिरी निघाली. रंगाच्या जनुकातलं एकही अक्षर बदललं नव्हतं. त्याच्यावर मिथाइलचे ठिपके वाढले होते, एवढंच.

ग्लुकोज, उपास आणि खोडरबर

मिथाइल हा एक मार्ग झाला. असे आणखी मार्ग आहेत.

आपण भात-पोळी खातो, तिचं ग्लुकोज होतं, आणि ते पेशीत जळताना 'अ‍ॅसिटिल-कोए' नावाचा रेणू तयार होतो. मुख्यतः तो ऊर्जेसाठी असतो, पण त्यातलाच वाटा हिस्टोनवर अ‍ॅसिटिलची खूण करायला वापरला जातो. २००९ मध्ये कॅथरिन वेलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा रेणू बनवणारं एक एन्झाइम अडवलं, की हिस्टोनवरच्या या खुणा कमी होतात. म्हणजे पेशीकडे इंधन किती आहे, याची बातमी थेट जनुकांपर्यंत जाते.

पोट रिकामं असतं तेव्हा उलटं. पेशीत 'एनएडी' नावाच्या रेणूचं पारडं जड होतं आणि त्यावर चालणारी सर्ट्युइन नावाची एन्झाइमं अ‍ॅसिटिलच्या खुणा काढायला लागतात.

खुणा पुसायला खोडरबरही लागतं. मिथाइल पुसणाऱ्या काही एन्झाइमांना 'अल्फा-कीटोग्लुटरेट' हा रेणू हवा असतो. तोसुद्धा ऊर्जानिर्मितीच्या चक्रातच तयार होतो. मेंदूच्या काही गाठींमध्ये आणि रक्ताच्या काही कर्करोगांमध्ये या चक्रातल्या 'आयडीएच' एन्झाइमच्या जनुकात बिघाड होतो. मग त्या रेणूऐवजी त्याच्यासारखाच दिसणारा भलताच रेणू साचतो, खोडरबर अडतं आणि मिथाइलच्या खुणा वाढत जातात. पेशीला वेगळी व्हायची सूचना मिळत नाही, ती नुसती वाढत राहते. या बिघडलेल्या एन्झाइमला रोखणारी औषधं आज वापरात आहेत. चयापचय आणि जनुकांच्या खुणा यांचं नातं किती पक्कं आहे, याचा हा मोठा पुरावा.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय सापडलं?

प्रयोगशाळेतून आता महाराष्ट्रातल्या गावात येऊ.

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास.

पण खरं आश्चर्य वजनाचं नव्हतं. ही बाळं बारीक होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून होती. हडकुळं, तरी चरबीदार! याज्ञिकांच्या गटानं त्याला 'थिन-फॅट' बाळ म्हटलं. भारतीयांना कमी वयात, कमी वजनातही मधुमेह का होतो, याचा एक धागा इथे हाती लागला.

२००८ मध्ये पुढचा धागा आला. या अभ्यासातल्या जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये गरोदरपणी बी-१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासलं, तेव्हा ज्यांच्या आईत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला प्रतिकार सर्वाधिक आढळला. इन्सुलिनला प्रतिकार म्हणजे मधुमेहाच्या वाटेवरचा पहिला टप्पा.

डबे आठवा. मिथाइल आणणारे भरपूर, पण डब्यात भरणारा हातच नाही. हे निष्कर्ष त्या चित्राशी जुळणारे होते.

मग याज्ञिकांच्या गटानं त्याच मुलांना, ती मोठी होत असताना, बी-१२ च्या गोळ्या देण्याचा 'प्रिया' हा प्रयोग २०१२ मध्ये सुरू केला. विचार 'सरस'सारखाच. बाळ यायच्या आधीच भावी आईबापांचं पोषण सुधारायचं.

भुकेच्या पन्नास पिढ्या

'मग आता सगळ्यांना पोटभर खायला घाला, प्रश्न मिटला' असं वाटू शकतं. पण गोष्ट तितकी सोपी नाही.

डॉ. आनंदवर्धन हर्डीकर यांच्या नेतृत्वाखालच्या आणि याज्ञिकांचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासात उंदरांना तब्बल ५० पिढ्या अपुऱ्या आहारावर ठेवलं होतं. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. या उंदरांच्या रक्तात बी-१२ आणि फोलेट कमी होतं, होमोसिस्टीन वाढलेलं होतं, आणि त्यांना मधुमेहासारखी लक्षणं लवकर येत होती. इन्सुलिनच्या जनुकाजवळच्या हिस्टोनवरच्या खुणाही बदललेल्या होत्या.

नंतर पुढच्या दोन पिढ्यांना भरपेट, नेहमीचा आहार दिला. बिघाड तरी पुरता सुधारला नाही. उलट भरल्या ताटानं उंदीर जाड झाले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ, उपासमार पाहिलेल्या घरातला मुलगा अंधेरीत येऊन रात्री डेस्कवर बसतो आणि पॅकेटमधलं खातो, तेव्हा त्याच्या शरीरात काय चालत असेल, याचा विचार करायला हे उंदीर भाग पाडतात.

आधी का? कारण पाटी तेव्हाच पुसली जाते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिवस जायच्या आधी खाऊ का?

गर्भधारणा झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच आईबापाकडून आलेल्या बहुतेक मिथाइल खुणा पुसल्या जातात आणि नव्यानं लिहिल्या जातात. लिहायला शाई लागते. ती तेव्हा आईच्या शरीरात आधीपासून असेल तेवढीच मिळते. पाळी चुकून, टेस्ट करून, डॉक्टरांकडे जाईपर्यंत हे लेखन पुष्कळसं उरकलेलं असतं. बाळाच्या मज्जारज्जूची नळीसुद्धा गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते.

म्हणून काळ महत्त्वाचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे भीषण उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या वाढीशी संबंधित 'आयजीएफ-२' जनुकावर साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा कमी मिथाइल आढळलं. आफ्रिकेतल्या गॅम्बियात पावसाळ्यात आणि कोरड्या ऋतूत खाणं फार बदलतं. तिथे गर्भ कुठल्या ऋतूत राहिला यानुसार बाळांच्या काही जनुकांवरच्या खुणा वेगळ्या निघाल्या, आणि त्यांचं नातं त्या काळातल्या आईच्या रक्तातल्या पोषक घटकांशी लागलं.

मग मुंबईत काय निघालं?

सगळ्या बाळांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा पौष्टिक खाऊमुळे जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही.

पण ज्या बायकांनी दिवस जायच्या किमान ९० दिवस आधीपासून खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरली. हा आकडा लहान आहे. शिवाय फायदा अगदी हडकुळ्या बायकांपेक्षा बऱ्या अंगाच्या बायकांच्या बाळांना जास्त झाला. म्हणजे फार उपाशी शरीर मिळालेला खाऊ आधी स्वतःसाठी वापरत असावं.

आणखी एक गोष्ट निघाली. गरोदरपणात होणारा मधुमेह साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला, तर पालेभाज्या-फळं-दुधाच्या गटात ७.३ टक्के. वस्तीत बनवलेल्या एका खाऊनं एवढं साधणं, ही साधी गोष्ट नाही.

आणि डीएनएवरच्या खुणा? 'सरस'मधली मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या रक्तातला डीएनए तपासला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक यांच्यासह भारत, ब्रिटन आणि गॅम्बियातले संशोधक यात होते. गॅम्बियाच्या मुलांमध्ये मोजक्या ठिकाणी छोटे फरक सापडले. मुंबईच्या मुलांमध्ये खाऊमुळे झाला असं म्हणता येईल असा ठळक फरक सापडला नाही.

निराश झालात? होऊ नका. विज्ञान असंच चालतं. तपासलं होतं रक्त, यकृत किंवा स्वादुपिंड नव्हे. जन्मानंतर कित्येक वर्षं गेली होती. फरक असतील तर ते फार बारीक असू शकतात, किंवा खाऊचा फायदा दुसऱ्याच मार्गानं झाला असेल. पेशीतली यंत्रणा पक्की माहीत आहे. पण अमुक खाल्लं म्हणून अमुक मुलाचं अमुक जनुक बदललं, असं बोट ठेवून सांगता येत नाही.

म्हणूनच मोबाइलवर कुणी 'सात दिवसांत डीएनए रीसेट' किंवा 'जनुकं बदलणारं डिटॉक्स' विकायला आलं, तर खुशाल पुढे सरका.

म्हणजे चूक आईची का?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो. 'बाळ अशक्त झालं, तूच नीट खाल्लं नसशील' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. आता त्याला एपिजेनेटिक्सची फोडणी द्यायला नको.

'सरस'मधल्या बायकांना पालेभाजी आवडत नव्हती, असं नाही. पालेभाजी, फळं, दूध रोज परवडणं, ते शिजवायला वेळ मिळणं, आणि शिजवल्यावर ते आपल्याही ताटात पडणं, हे तिन्ही जमावं लागतं. आजही कित्येक घरांत बाई सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाते. दूध मुलाला, अंडं नवऱ्याला, आणि तिला चहा. ती मुलगी असताना, तिची आई गरोदर असताना, तेव्हाही हेच. बाळाच्या खुणांचा हिशेब एकट्या आईच्या नऊ महिन्यांवर टाकता येत नाही. त्यात घर आहे, रेशन आहे, आणि आधीच्या पिढ्याही आहेत.

मग करायचं काय?

• मूल हवं असा विचार सुरू झाला की लगेच डॉक्टरांना भेटा, दिवस जायची वाट पाहू नका. फोलिक अ‍ॅसिड गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू करायचं असतं. मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगापासून ते बाळाला वाचवतं. पुण्याचा अभ्यास वाचून ते बंद करू नका. त्याचा अर्थ 'फोलेट वाईट' असा नसून 'सोबत बी-१२ ही बघा' असा आहे.

• शाकाहारी असाल, दूध-दही कमी खात असाल, किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ तपासून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मनानं गोळ्या घेऊ नका.

• पालक, मेथी, चवळी, मूग, मसूर, आणि सोबत दही किंवा ताक. खात असाल तर अंडी, मासळी. यासाठी परदेशी 'सुपरफूड' लागत नाही.

• घरातल्या वयात आलेल्या मुलीचं ताट बघा. वीस वर्षांनी लागणारी शाई तिथे साठायला लागते.

आज रात्री जेवायला बसाल, तेव्हा घरात सगळ्यांत शेवटी कोण बसतं आणि तिच्या ताटात काय उरलेलं असतं, तेवढं एकदा पाहा. आणि उद्यापासून तिला सगळ्यांसोबत बसवा.